वंचिततेचे माप आणि आरोग्यातील विषमता

गरिबांची मुले अधिक संख्येने दगावतात, गरीब माणसे लवकर मरतात आणि जगतात तेवढ्या काळातही त्यांच्या वाट्याला आजारपण अधिक येते, हे जिथे जिथे मोजले गेले तिथे तिथे आढळले आहे. त्यामुळे आरोग्यविषमतेच्या संशोधनापुढचा प्रश्न असा फरक आहे की नाही हा राहिलेला नसून तो किती आहे, कोणाकोणामध्ये आहे आणि कोणत्या वाटेने निर्माण होतो हा आहे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका आधीच्या निर्णयावर अवलंबून असतात. मृत्यू, वजन, उंची किंवा रक्तातील हिमोग्लोबिन कसे मोजावे याबद्दल संशोधकांत बऱ्यापैकी एकमत आहे. परंतु माणूस समाजाच्या कोणत्या पायरीवर उभा आहे हे उत्पन्नावरून ठरवायचे, व्यवसायावरून, शिक्षणावरून, घरातील वस्तूंवरून, राहत्या वस्तीवरून की जन्माने लादल्या गेलेल्या सामाजिक स्थानावरून, याचा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. माप बदलले की विषमतेचा आकडा बदलतो, कधी तिची दिशाही बदलते, आणि कोणत्या माणसांची वंचितता नोंदली जाणार व कोणाची नजरेआड राहणार हेही त्याच निवडीने ठरते. या आढाव्यात त्या निवडीचा इतिहास प्रथम ब्रिटनमध्ये आणि नंतर भारतात पाहिला आहे, कारण ब्रिटनमध्ये या प्रश्नाची सैद्धांतिक मांडणी सर्वाधिक काटेकोरपणे झाली आणि भारतात तिच्या मर्यादा सर्वाधिक ठळकपणे उघड झाल्या.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्ममृत्यू नोंदणीच्या महानिबंधकांच्या कार्यालयातील टी. एच. सी. स्टीव्हन्सन यांनी १९११ च्या जनगणनेच्या सुमारास व्यवसायांवर आधारलेले सामाजिक वर्ग तयार केले. पुढे स्थिरावलेल्या या वर्गीकरणात वरच्या टोकाला डॉक्टर, वकील यांसारखे व्यावसायिक आणि खालच्या टोकाला अकुशल मजूर अशा पाच पायऱ्या होत्या. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय लिहिलेला असे आणि जनगणनेतही तो विचारला जाई, म्हणून एकाला दुसऱ्याने भागून प्रत्येक वर्गाचा मृत्युदर काढता येई, आणि हीच सोय या मापाच्या दीर्घायुष्याचे कारण ठरली. सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली १९७७ मध्ये नेमलेल्या कार्यगटाने याच वर्गांच्या आधारे दाखवून दिले, की राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होऊन तीन दशके लोटल्यावरही निवृत्तीच्या वयाआधी मरण्याचा धोका सर्वांत खालच्या वर्गात सर्वांत वरच्या वर्गाच्या सुमारे अडीचपट होता. १९८० च्या ऑगस्टमध्ये सुट्टीच्या दिवशी अवघ्या २६० प्रती काढून प्रसिद्ध केलेला हा अहवाल सरकारने बाजूला ठेवला, तरी आरोग्यविषमतेच्या आधुनिक अभ्यासाचा पाया त्यानेच घातला.

व्यवसायवर्गाच्या मापातील दोष ब्लॅक अहवालावरील चर्चेतच पुढे आले. दाखल्यावरचा व्यवसाय नातेवाईक सांगत आणि जनगणनेतला माणूस स्वतः सांगे, त्यामुळे अंश आणि छेद एकाच पद्धतीने मोजलेले नसत. विवाहित स्त्रियांची गणना पतीच्या व्यवसायावरून होई. दीर्घकाळ बेकार असलेले, कधीच नोकरी न केलेले आणि अपंगत्वामुळे कामाबाहेर गेलेले, म्हणजे ज्यांची वंचितता सर्वांत तीव्र, ते वर्गांच्या चौकटीबाहेरच राहत. याखेरीज आजारामुळे माणूस खालच्या कामावर ढकलला जातो, की खालच्या कामामुळे आजारी पडतो, हा कार्यकारणाचा गुंता होताच. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासाने या चर्चेत आणखी एक मुद्दा आणला. या कर्मचाऱ्यांपैकी कोणीही बेकार किंवा उपाशी नव्हता, तरीही हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण निरोप्यांसारख्या सर्वांत खालच्या श्रेणीत सर्वोच्च श्रेणीच्या तिपटीहून अधिक होते आणि मधल्या श्रेणी क्रमाने त्या दोन टोकांमध्ये बसत होत्या. एका रेषेच्या वर आणि खाली अशी विभागणी करणारे कोणतेही माप हा पायरीपायरीचा चढ पकडू शकत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

वंचिततेची संकल्पना याच काळात पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने नव्याने मांडली. ब्लॅक कार्यगटाचे सदस्य असलेल्या टाउनसेंड यांच्या १९७९ च्या ब्रिटनमधील दारिद्र्यावरील ग्रंथाचा गाभा असा होता, की आपल्या समाजात जे अन्न, ज्या सोयी आणि ज्या सामाजिक व्यवहारातील सहभाग सर्वसाधारण मानला जातो तो साधनांअभावी ज्यांना शक्य होत नाही ते दरिद्री होत. म्हणजे दारिद्र्य हे साधनांचे माप आहे आणि वंचितता ही त्यातून येणाऱ्या स्थितीचे. टाउनसेंड यांच्या यादीतील काही बाबींवर डेव्हिड पियाशो यांनी घेतलेला आक्षेप आजही लागू आहे: सकाळी शिजवलेली न्याहारी न घेणे किंवा रविवारी मांस न रांधणे ही वंचितता आहे की आवड, हे यादीवरून कळत नाही. जोआना मॅक आणि स्ट्युअर्ट लॅन्सली यांनी १९८३ च्या पाहणीत यावर तोडगा काढला. कोणत्या गोष्टी आवश्यक आहेत हे त्यांनी लोकांनाच विचारले, बहुमताने आवश्यक ठरलेल्या गोष्टीच यादीत ठेवल्या आणि प्रत्येकीबद्दल ती नको म्हणून नाही की परवडत नाही म्हणून नाही, असा पुढचा प्रश्न जोडला. भारतीय सर्वेक्षणांत मालमत्तेची यादी विचारताना हा दुसरा प्रश्न आजवर जवळजवळ कधीच विचारला गेलेला नाही.

व्यक्तीऐवजी वस्तीची वंचितता मोजण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात रुजली. व्यक्तीचे उत्पन्न कोणत्याही आरोग्यनोंदीत नसते, पत्ता मात्र असतो, आणि पत्त्यावरून जनगणनेतील त्या भागाची स्थिती जोडता येते. टाउनसेंड, फिलिमोर आणि बीटी यांनी १९८८ मध्ये इंग्लंडच्या उत्तर विभागातील ६७८ प्रभागांसाठी केवळ चार बाबींचा निर्देशांक तयार केला: बेकारी, मोटार नसणे, घर स्वतःच्या मालकीचे नसणे आणि खोल्यांच्या मानाने माणसांची दाटी. प्रत्येक बाब सरासरीपासून किती दूर आहे हे समान एककात आणून त्यांची बेरीज केली जाई. स्कॉटलंडसाठी कार्स्टेअर्स आणि मॉरिस यांनी घरमालकीऐवजी खालचा सामाजिक वर्ग घेतला, कारण तिथे सरकारी घरांत राहणे इतके सार्वत्रिक होते की त्यावरून वंचितता ओळखता येत नव्हती. एकच स्थिती दोन ठिकाणी वेगळा अर्थ धारण करते, याचे हे साधे उदाहरण आहे. मोटार नसणे हेही लंडनमध्ये फारसे काही सांगत नाही आणि दुर्गम खेड्यात मोटार असणे ही चैन नसून नाइलाज असू शकतो.

याच काळातील जारमन यांच्या निर्देशांकावर झालेला वाद भारताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ब्रायन जारमन यांनी १९८३ मध्ये कुटुंबवैद्यांना कामाचा बोजा कशामुळे वाढतो हे विचारून आठ बाबी निवडल्या, आणि १९९० पासून डॉक्टरांना वंचित भागात काम करण्याचा जादा मोबदला त्यावरून ठरू लागला. या आठांत एकटे राहणारे वृद्ध, एकल पालकांची कुटुंबे आणि वांशिक अल्पसंख्य यांचाही समावेश होता. टाउनसेंड यांचा त्यावरील आक्षेप तत्त्वाचा होता. वृद्ध असणे किंवा अल्पसंख्य असणे ही वंचितता नव्हे. त्या गटांच्या वाट्याला वंचितता अधिक येते, आणि ती का येते हेच तर शोधायचे असते. गट आणि स्थिती एकाच बेरजेत मिसळल्या, की एका गटाला दुसऱ्यापेक्षा अधिक सोसावे लागते का, आणि ते गरिबीमुळे की आणखी कशामुळे, हे विचारण्याची वाटच बंद होते. आढावा घेतलेल्या सर्व वादांत इतके मूलभूत सूत्र दुसरे नाही, आणि जातीच्या प्रश्नाकडे वळताना त्याचाच आधार घ्यावा लागतो.

इंग्लंडमध्ये २००० नंतर या साध्या निर्देशांकांची जागा बहुआयामी वंचितता निर्देशांकाने घेतली. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत सरासरी सुमारे १,५०० लोकवस्तीच्या ३२,८४४ लहान विभागांची क्रमवारी लावलेली आहे. उत्पन्न आणि रोजगार यांना प्रत्येकी २२.५ टक्के भार, आरोग्य आणि शिक्षण यांना प्रत्येकी १३.५ टक्के, तर गुन्हेगारी, घरे व सेवांपर्यंतची पोच आणि राहणीचा परिसर यांना प्रत्येकी ९.३ टक्के असा हिशेब आहे. निधीवाटपासाठी हे उपयुक्त आहे, पण आरोग्याच्या संशोधनात त्याने एक चक्र निर्माण होते: निर्देशांकात अकाली मृत्यू आणि आजारपण आधीच धरलेले असताना त्याच निर्देशांकाशी मृत्युदराचा संबंध तपासला, तर संबंधाचा काही भाग गणितानेच घातलेला असतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे संशोधक आरोग्याचा घटक वगळून किंवा केवळ उत्पन्नाचा घटक घेऊन हिशेब करतात. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील नॅन्सी क्रीगर यांच्या गटाने अनेक निर्देशांक पडताळून दाखवले, की लहान जनगणना-विभागातील दारिद्र्यरेषेखालील लोकांचे साधे प्रमाण गुंतागुंतीच्या निर्देशांकांइतकेच चांगले काम करते. गुंतागुंत वाढवल्याने माप अचूक होतेच असे नाही, हा त्याचा धडा पुरेसा घेतला गेला आहे असे वाटत नाही.

वस्तीच्या मापाला एक जुनी मर्यादा आहे. वस्तीच्या सरासरीवरून तिथल्या प्रत्येक माणसाबद्दल अनुमान करणे चूक ठरू शकते, हे विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखवले होते. वंचित विभागात राहणारे सगळे वंचित नसतात आणि वंचितांपैकी बरेचसे तुलनेने सुस्थितीतील विभागांत विखुरलेले असतात. त्याशिवाय सीमा कुठे आखली यावरही सरासरी बदलते. महाराष्ट्रात याचे ठाणे जिल्ह्याइतके बोलके उदाहरण सापडणार नाही. १९९२ मध्ये वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी राज्य हादरले तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे आदिवासी तालुके मुंबईला लागून असलेल्या ठाणे शहराच्याच जिल्ह्यात होते, आणि जिल्ह्याच्या कोणत्याही सरासरीत त्यांची स्थिती बुडून जात होती. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि कागदावर दोन्ही बाजूंचे आकडे बदलले. मोखाड्यातील मुलाच्या आयुष्यात त्या दिवशी काहीच बदलले नव्हते.

भारतात वंचितता मोजण्याची परंपरा आरोग्यशास्त्रातून नव्हे, तर अर्थशास्त्रातून आली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेशी निगडित वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दिवसाला २,२५० उष्मांक मिळवून देणाऱ्या खर्चाची पातळी ही दारिद्र्याची सीमा मानली आणि १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात दरमहा माणशी १५ रुपये व शहरात २२.५० रुपये ठरवली. त्या हिशेबाने सुमारे ४० टक्के ग्रामीण आणि ५० टक्के शहरी लोक सीमेखाली होते. या कामाने देशातील पुढच्या सर्व चर्चेचा सूर ठरवला आणि २००९ च्या सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांचा आधार सोडून शिक्षण व आरोग्यावरील खासगी खर्च हिशेबात घेईपर्यंत तो बव्हंशी कायम राहिला. परंतु उपभोगखर्च हे माप आरोग्याच्या अभ्यासात दोन कारणांनी अडते. पहिले कारण असे, की राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या उपभोगखर्चाच्या पाहणीत घरातील मुलांची उंची-वजने घेतली जात नाहीत, आणि ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ती घेतली जातात त्यात खर्च विचारला जात नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे: रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबाचा त्या वर्षीचा खर्च वाढलेला दिसतो, म्हणजे आजाराने खचलेले घर या मापावर वर सरकते.

ही अडचण सोडवण्यासाठी जागतिक बँकेतील डीऑन फिल्मर आणि लँट प्रिचेट यांनी २००१ मध्ये जो मार्ग सुचवला तो भारताच्याच, १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या माहितीवर उभा होता. घर पक्के की कच्चे, वीज, पाणी आणि शौचालय कसे, सायकल, पंखा, दूरचित्रवाणी संच, मोटारसायकल आहे की नाही, अशा उत्तरांतून एकच गुणांक काढायचा आणि त्यावरून कुटुंबांचे पाच समान गट पाडायचे, ही ती पद्धत. प्रत्येक वस्तूचा भार कोणी हाताने ठरवत नाही. मुख्य घटक विश्लेषण नावाचे गणिती तंत्र अनेक वस्तूंच्या असण्यानसण्यातील सर्वाधिक फरक ज्या एका दिशेने पडतो ती दिशा शोधते आणि त्यावरून भार देते. मुंबईतील देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते त्यात २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासून हाच संपत्ती निर्देशांक वापरला जातो, आणि त्यानंतर भारतीय आरोग्यविषमतेवर लिहिल्या गेलेल्या बहुतेक शोधनिबंधांत वंचितता म्हणजे या निर्देशांकातील सर्वांत खालचा पंचमांश, असे समीकरण होऊन बसले आहे.

निर्देशांकाने दाखवलेले चित्र निरुपयोगी नाही. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी, म्हणजे वाढ खुंटलेली होती. सर्वांत गरीब पंचमांशात हे प्रमाण ४६ टक्के आणि सर्वांत संपन्न पंचमांशात २३ टक्के होते. या दोन आकड्यांमधील अंतर जितके बोलते तितकाच दुसरा आकडा स्वतंत्रपणेही बोलतो. देशातील सर्वांत संपन्न मानल्या गेलेल्या घरांतही जवळजवळ चौथ्या हिश्श्याची मुले खुजी असतील, तर एकतर संपन्नता या शब्दाखाली येथे जे मोजले गेले ते संपन्नता नाही, किंवा मुलांच्या वाढीला घरातील वस्तूंपलीकडचे काही आवश्यक आहे, आणि बहुधा दोन्ही खरे आहे. त्याच फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आणि संपन्न पंचमांशातही सुमारे निम्म्या स्त्रिया त्यातून सुटल्या नव्हत्या. निर्देशांक घराचा असतो. घरात शेवटी कोण जेवते, पैसे कोणाच्या हाती असतात, दवाखान्यात जाण्याची परवानगी कोण देतो, हे घराच्या गुणांकात येत नाही.

शहर आणि खेडे यांचा गुंता याहून किचकट आहे. नळाचे पाणी, फ्लशचे शौचालय, गॅस यांसारख्या बाबी कुटुंबाच्या ऐपतीइतक्याच गावातील सार्वजनिक सोयींवर अवलंबून असतात, आणि त्या एकमेकींबरोबर आढळत असल्यामुळे गणित त्यांना मोठा भार देते. जमीन आणि गुरे ही खेड्यातील खरी मालमत्ता मात्र शहरी वस्तूंबरोबर आढळत नाही, म्हणून तिचा भार क्षीण आणि कधी उणेही ठरतो. परिणामी शहरी लोकसंख्येपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक वरच्या दोन पंचमांशांत जाऊन बसतात. मुंबईच्या झोपडपट्टीतील शंभर-दीडशे चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडे वीज, दूरचित्रवाणी आणि मोबाइल असतो. त्याच्या वाट्याला येणारी दाटी, सामायिक शौचालयापुढची रांग, क्षयरोगाला पोषक अंधार आणि घर पाडले जाण्याची टांगती भीती मात्र गुणांकात फारशी उतरत नाही. तिसऱ्या फेरीत मुंबई आणि नागपूरसह आठ शहरांत झोपडपट्ट्यांचे वेगळे अंदाज काढले गेले ते याच कारणाने उपयुक्त होते, आणि तो प्रघात नियमित झाला नाही ही खरी हानी आहे.

संपत्ती निर्देशांकावर आणखी दोन आक्षेप आहेत. शौचालय, पाणी आणि स्वयंपाकाचे इंधन या बाबी अतिसार आणि श्वसनविकारांची थेट कारणे आहेत, म्हणून इंग्लंडच्या निर्देशांकातले चक्र येथे वेगळ्या रूपात परत येते. त्या वगळून किंवा ठेवून केलेल्या तुलनांत विषमतेचा आकडा बदलतो, हे टान्या हाउवेलिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्येच विकसनशील देशांच्या माहितीवरून दाखवले होते. दुसरा आक्षेप भारतातील अलीकडच्या दशकाने उभा केला आहे. २०१४ च्या स्वच्छ भारत अभियानातून शौचालये आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेतून गॅसजोडण्या मोठ्या प्रमाणावर वाटल्या गेल्या, आणि त्या मिळणे हे निःसंशय हिताचे होते. पण सरकारने दिलेली वस्तू आणि कुटुंबाने मिळकतीतून घेतलेली वस्तू निर्देशांकात सारखीच मोजली जाते. सिलिंडर पुन्हा भरून घेण्याची ऐपत नसलेले आणि चुलीवरच रांधणारे घरही काही वस्तूंच्या बाबतीत वर सरकते. त्यामुळे २००५ चा सर्वांत गरीब पंचमांश आणि २०२० चा सर्वांत गरीब पंचमांश एकाच स्थितीचे लोक दाखवतात असे धरून काढलेले कल जपून वाचावे लागतात.

जातीच्या प्रश्नावर टाउनसेंड यांचे सूत्र कसोटीला लागते. उदय पारीक आणि जी. त्रिवेदी यांनी १९६४ मध्ये ग्रामीण भारतासाठी तयार केलेल्या नऊ बाबींच्या मापात जमीन, घर, शिक्षण, शेतीची साधने यांच्याबरोबर जातीलाही गुण दिले होते. जात नाकारून वंचितता मोजता येत नाही ही त्यामागची दृष्टी खरी होती, पण जात बेरजेत मिसळल्यामुळे तिचा स्वतंत्र परिणाम शोधण्याची सोय गेली. याउलट जात मापाबाहेर, मापाशेजारी ठेवून केलेले काम काय दाखवू शकते याचे उत्तम उदाहरण म्हणजे संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांचा २०२२ मधील अभ्यास. उत्तर, मध्य आणि पूर्व भारतातील नऊ राज्यांच्या वार्षिक आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे त्यांनी दाखवले, की उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी आहे, आणि आर्थिक स्थितीतील फरकाने या अंतराचा निम्म्याहून कमी भाग उलगडतो. उरलेला भाग वस्तूंची यादी कितीही लांबवली तरी मिळणार नाही. गावकुसाबाहेरची वस्ती, परिचारिका घराच्या उंबऱ्याआत न येणे, दवाखान्यातील वागणूक, पिढ्यानपिढ्या वाट्याला आलेली घातक कामे या गोष्टी त्या भागात आहेत आणि त्या मोजण्याची साधने अजून घडवायची आहेत.

याच्या उलट्या बाजूचे कोडे भारतीय मुस्लिमांच्या बालमृत्यूंचे आहे. मुस्लिम कुटुंबे सरासरीने हिंदूंपेक्षा गरीब असूनही त्यांची बालके अधिक संख्येने जगतात, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फेऱ्यांतून वारंवार दिसले. मायकेल जेरुसो आणि डीन स्पीअर्स यांनी २०१८ मध्ये त्याचे स्पष्टीकरण शेजारात शोधले: मुस्लिम कुटुंबे उघड्यावर शौचास कमी जातात आणि बहुधा मुस्लिम शेजाऱ्यांमध्ये राहतात, म्हणून त्यांच्या मुलांच्या सभोवतालची माती आणि पाणी कमी दूषित असते. घरातील शौचालयापेक्षा शेजाऱ्याचे शौचालय बाळाच्या जीवाला अधिक महत्त्वाचे ठरू शकते, आणि घरनिहाय मापात ही गोष्ट दिसूच शकत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रबंधांत मात्र आजही बी. जी. प्रसाद यांचे १९६१ चे दरडोई उत्पन्नाचे वर्गीकरण किंवा कुप्पुस्वामी यांची १९७६ ची मोजपट्टी वापरली जाते. कुप्पुस्वामींच्या मोजपट्टीत कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि कुटुंबाचे उत्पन्न यांना मिळून ३ ते २९ गुण दिले जातात, आणि महागाईच्या निर्देशांकानुसार उत्पन्नाच्या मर्यादा वेळोवेळी वाढवल्या जातात. मर्यादा वाढतात, पण चौकट तीच राहते: प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रीचे स्थान तिच्या सासऱ्याच्या शिक्षणावरून ठरते, आणि तिचे स्वतःचे शिक्षण, जे बाळाच्या जगण्याशी सर्वांत घट्ट जोडलेले आढळते, मोजपट्टीबाहेर राहते.

शासनाची स्वतःची मापेही आहेत, आणि संशोधनापेक्षा त्यांचाच परिणाम लोकांच्या जगण्यावर अधिक होतो. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेतील वंचिततेच्या निकषांवरून २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेचे लाभार्थी ठरले. महाराष्ट्रात १९९९ पासून शिधापत्रिकेचा रंग हेच ते माप आहे: पिवळी, केशरी आणि शुभ्र. वर्षाला एक लाख रुपयांची मर्यादा असलेले केशरी कार्ड हाती असणे यावर राज्याच्या आरोग्य योजनेतील मोफत उपचार दीर्घकाळ अवलंबून राहिले. वि. म. दांडेकर यांनीच पुढे वंचिततेचे आणखी एक माप घडवले. त्यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्यसेवा इत्यादी क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा प्रत्येक जिल्हा किती मागे आहे हे काढून एकूण ३,१८६.७८ कोटी रुपयांचा अनुशेष निश्चित केला. विदर्भ आणि मराठवाड्याच्या राजकारणाला या आकड्याने तर्काचा आधार दिला, हे त्याचे मोठे श्रेय आहे. पण अनुशेष सुविधांचा मोजला गेला. प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत उभी राहिली की तो भरला, मग तिथे डॉक्टर असो वा नसो, आणि धारणी-चिखलदरा या आदिवासी तालुक्यांची उणीव त्याच जिल्ह्यातील अमरावती शहराच्या भरभराटीत वजा होत राहिली.

विषमता एका आकड्यात सांगण्याची तंत्रे या सगळ्यानंतर येतात. केंद्रीकरण निर्देशांक उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असतो आणि आजार गरिबांकडे साचला असेल तर उणे होतो. उतार निर्देशांकात सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या पायरीमधील अंतर मधल्या सर्व गटांची माहिती वापरून काढले जाते. येथे अंतर आणि पट यांतला भेद विसरता कामा नये: समजा हजारी १०० आणि ५० असलेले मृत्युदर ४० आणि १६ वर आले, तर अंतर ५० वरून २४ झाले, परंतु प्रमाण दुपटीवरून अडीचपट झाले. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही एकत्र दिल्याशिवाय कोणतेही प्रामाणिक नाही. पायऱ्याच चुकीच्या आखल्या असतील तर मात्र यांतील कोणतेही तंत्र त्या दुरुस्त करत नाही.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांवर ही सारी मापे लावून पाहिली तर त्यांची मर्यादा एकत्र दिसते. बीड जिल्ह्यातील गावी अशा कुटुंबाचे पक्के घर असते, कदाचित मोटारसायकल आणि दूरचित्रवाणी संचही, त्यामुळे संपत्ती निर्देशांकात ते मधल्या पंचमांशात बसू शकते. वर्षातील पाच-सहा महिने मात्र ते मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या बोज्याखाली फडाजवळच्या कोपीत, पाणी आणि शौचालयाविना काढते. जोडप्याला एक कोयता मानून मजुरी ठरते, आणि पाळीच्या किंवा आजाराच्या दिवशी खाडा झाला तर दंड कापला जातो. याच कामगार स्त्रियांमध्ये तरुण वयात गर्भाशय काढून टाकण्याचे मोठे प्रमाण उघड झाले आणि २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या शस्त्रक्रियांमागची वंचितता कर्जाची, हंगामी स्थलांतराची आणि कामाच्या अटींची होती, आणि यांतील एकही बाब प्रचलित निर्देशांकात नाही. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य समितीने २०१८ च्या अहवालात आदिवासींच्या आरोग्याची स्वतंत्र माहितीच अपुरी असल्याचे जे सांगितले, त्याचाच हा दुसरा पैलू आहे.

यावर उपाय म्हणून आणखी एक सर्वसमावेशक निर्देशांक बनवण्याकडे कल दिसतो. निती आयोगाचा २०२१ चा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक बारा बाबींचा आहे आणि त्यात पोषण, बालमृत्यू व मातृआरोग्य आहेत. दारिद्र्याचे चित्र म्हणून तो योग्य असला तरी आरोग्याची कारणे शोधताना तो वापरला की पुन्हा तेच चक्र येते. अधिक फलदायी मार्ग हा, की ज्या आजाराचा अभ्यास आहे तो शरीरापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो हे आधी ठरवून त्या वाटेवरची वंचितता मोजावी: अतिसारासाठी वस्तीची, क्षयासाठी दाटीची आणि कामाची, मातामृत्यूसाठी स्त्रीच्या शिक्षणाची आणि रस्त्याची, आणि जात, धर्म व स्थलांतर बेरजेत न मिसळता प्रत्येक तक्त्यात त्यांचे स्वतंत्र रकाने ठेवावेत. त्यासाठी लागणारी लहान विभागांची माहिती जनगणनेतूनच मिळू शकते. २०२१ ची जनगणना लांबल्यामुळे राष्ट्रीय सर्वेक्षणांना गावांची आणि प्रभागांची निवड २०११ च्याच यादीवरून करावी लागली. त्यानंतर वसई-विरारच्या, भिवंडीच्या आणि पुण्याच्या कडेने ज्या वस्त्या उभ्या राहिल्या त्या यादीत पुरेशा प्रमाणात आलेल्याच नाहीत, आणि तिथे जन्मलेली मुले आता शाळेत जाऊ लागली आहेत.